लोडरवाल्याची नजर आणि जमिनीखालचं बऱ्हाणपूर

बऱ्हाणपूर स्टेशनला उतरलं की आपण बऱ्हाणपुरात नसतो, लालबागमध्ये असतो. जुनं शहर तिथून तीनेक किलोमीटरवर, तापीच्या काठाला. लालबागला स्टेशन आहे, १९०६ सालची ताप्ती मिल आहे आणि जवळच कुंडी भंडारा आहे. गेल्या खेपेला भंडाऱ्याकडे निघालो होतो, तर वाटेत एका मोकळ्या जागेवर लोडर चालू होता. पुढच्या बकेटने मुरूम ओढायचा, उचलायचा, डंपरमध्ये टाकायचा, की परत मागे. जन्म साइटवर गेल्यामुळे असं काही दिसलं की माझे पाय आपोआप थांबतात. चहाच्या वेळी ऑपरेटरशी बोललो. पंचविशीतला पोरगा होता. "या भागात खाली काय आहे, माहीत आहे का?" असं विचारलं. तो म्हणाला, "साहेब, खाली काय आहे ते बकेट वर आल्यावरच कळतं."

हे वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. म्हणून हा लेख.

आधी खाली काय आहे ते पाहू. अब्दुल रहीम खान-ए-खानान बऱ्हाणपूरला सुभेदार असताना, इ.स. १६१५च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या फारसी भूगर्भतज्ज्ञाच्या देखरेखीखाली इथे पाण्याची योजना झाली. सातपुड्यातून ओघळणारं पाणी पायथ्याच्या गोटे-वाळूच्या थरात मुरतं आणि जमिनीखालून तापीकडे सरकत राहतं. ते वाटेतच अडवायचं, बोगद्यात घ्यायचं आणि केवळ उतारावर शहरात न्यायचं, ही कल्पना. इराणात याला कनात म्हणतात. कुंडी भंडाऱ्याचा बोगदा सुमारे तीन किलोमीटरचा. त्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या, एकूण शंभराच्या वर. खोदताना माती वर काढायला, नंतर हवा-उजेडाला आणि गाळ काढायला त्या उपयोगी. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. हे पाणी शहरातल्या जाली करंजपर्यंत जायचं. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत हे नाव दाखल झालं. तिथे 'खूनी भंडारा' लिहिलंय. लोक दोन्ही नावं वापरतात.

आज आपण लिफ्टने ऐंशीएक फूट खाली उतरतो, गुडघाभर पाण्यात उभे राहतो, भिंतीवर साचलेला चुन्याचा पांढरा थर पाहतो आणि "वा!" म्हणतो. पण हे सगळं खोदलं कोणी? पहार, टिकाव, फावडं आणि टोपली घेतलेल्या माणसांनी. सुभेदाराचं नाव राहिलं, तज्ज्ञाचं राहिलं, खोदणाऱ्याचं नाही राहिलं. आपल्याकडे बेलदार-वडारांच्या पिढ्याच्या पिढ्या या कामात गेल्या. त्या हाताला माती कळायची. पहारीचा आवाज बदलला की हात थांबायचा. याचा उत्तम दाखला नगर जिल्ह्यातल्या दायमाबादचा. १९७४ मध्ये झाडाचं खोड खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. सगळं मिळून साठेक किलो. हात सावकाश चालत होता म्हणून ते धडपणे वर आले.

आता तो हात लिव्हरवर आहे. आपण सरसकट ज्याला जेसीबी म्हणतो, ते खरं तर जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाने १९४५ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचं नाव. भारतात तिचं उत्पादन १९७९ पासून, हरियाणातल्या बल्लभगडला. यंत्राचं नाव बॅकहो लोडर. पुढे रुंद बकेट, साधारण एक घनमीटर माती मावणारं. मागे लांब हात आणि त्याला त्याच्या चौथाईएवढं दातेरी बकेट. पुढचं ओढायला, भरायला, सपाट करायला, मागचं खोदायला. खोदायच्या वेळी ऑपरेटर खुर्ची मागे फिरवतो, दोन्ही पाय जमिनीला टेकवून यंत्र स्थिर करतो आणि साडेचार-पाच मीटरपर्यंत खाली जातो. वजन सात-आठ टन.

बहुतेक ऑपरेटर हेल्पर म्हणून सुरुवात करतात. ग्रीस मारायचं, डिझेल भरायचं, उस्तादाचा हात बघत राहायचं. हळूहळू हात बसतो. चांगल्या ऑपरेटरला इंजिनाच्या आवाजावरून कळतं की दात मुरमात आहेत की दगडावर. मातीचा रंग बदलला, वीट खरवडली, खाली पोकळ लागलं, हे त्याला आधी कळतं. इंजिनिअरला नंतर आणि इतिहासकाराला तर सगळं संपल्यावर.

मग कुंडी भंडाऱ्याला धोका आहे का? ऐंशी फुटांवरच्या बोगद्यापर्यंत हे बकेट पोचत नाही, हे खरं. पण कनातीचा हिशेब वेगळा असतो. बोगद्याचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवतात, तेव्हाच पाणी आपोआप वर येतं. म्हणजे डोंगराकडे बोगदा खोल आणि गावाकडे येताना उथळ. जिथे वस्ती, प्लॉट, गटारं आणि नळाचे चर, तिथेच तो बकेटच्या टप्प्यात येण्याची शक्यता. दुसरी गोष्ट कुंड्यांच्या तोंडांची. शेतात किंवा प्लॉटमध्ये सपाटीकरण करताना पुढच्या बकेटला एक उंचवटा म्हणजे दोन मिनिटांचं काम. पण ती माती कुंडीतून थेट बोगद्यात पडते. एका कुंडीने खालचा सगळा प्रवाह तुंबू शकतो.

ऑपरेटरला दोष देणं सोपं आहे. मशीन तासाच्या भाड्यावर असतं. थांबलं की मालक ओरडणार, ठेकेदार ओरडणार. मोठ्या बांधकाम करारांत याची सोय असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आंतरराष्ट्रीय फिडिक करारात जुन्या अवशेषांचं स्वतंत्र कलम आहे: काही सापडलं तर ठेकेदाराने ताबडतोब कळवायचं, आणि त्यामुळे उशीर झाला तर त्याला मुदतवाढ आणि खर्च मागता येतो. शिवाय १८७८चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पण कलम फाइलीत आणि माणूस केबिनमध्ये. दोघांची गाठच पडत नाही.

मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूरपासून वीसेक किलोमीटरवर, असीरगडच्या पायथ्याशी काय झालं ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. महामार्गाच्या कामातली माती शेतात टाकली होती आणि तिच्यात सोन्याची नाणी निघाल्याची अफवा उठली. 'छावा' नुकताच लागला होता, १६८१ची बऱ्हाणपूरची लूट सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ताजी. लोक टॉर्च घेऊन रात्र-रात्र शेतं उकरत होते. आपण हसलो. मला मात्र वाटलं, नाणं असो वा नसो, ती माती मुळात कुठून उचलली, किती खोलीवरून, हे नेमकं सांगू शकणारा माणूस एकच. लोडरवाला. त्याला कुणी विचारलं?

मी तरी कुठे विचारलं होतं! पंचवीसेक वर्षांपूर्वी एका जुन्या गावठाणात गटाराचं काम माझ्याकडे होतं. दुपारी ऑपरेटरने मशीन थांबवलं, हात वर केला. "साहेब, काहीतरी पोकळ लागतंय." मी वाकून पाहिलं. भाजक्या मातीचे नळ, एकात एक बसवलेले, सांध्याला चुना. पाऊस तोंडावर होता. मी म्हणालो, "जुनी मोरी असेल. उचल." त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिव्हर ओढला. पुढे औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नहरींबद्दल वाचायला लागलो. खान-ए-खानान इथे दक्षिणेत ज्याच्याशी लढत होता, त्या मलिक अंबरने त्याच काळात तिकडे तशीच नहर बांधली होती. तिकडचे मातीचे नळ पाहिले आणि पोटात खड्डा पडला. आमचे नळ काय होते, आता कळायचा मार्ग नाही. मोजमाप नाही, फोटो नाही. सहा-सात डंपर भरून गेले.

म्हणून मंडळींना एक सुचवतो. बऱ्हाणपूर परिसरात खोदाई वाढणारच आहे. रस्ता रुंद होतोय आणि मे २०२५ मध्ये तापी खोऱ्याच्या महा-पुनर्भरण योजनेचा दोन्ही राज्यांत करारही झालाय. योजना चांगलीच आहे; जमिनीत पाणी मुरवायचं, ही खान-ए-खानानच्या माणसांनी ओळखलेल्या भूगर्भाचीच गोष्ट. पण कुठेही काम निघालं की आपण निवेदनं घेऊन कचेरीत जातो. त्याआधी अर्धा तास साइटवर जाऊ. कुंड्यांची रांग दाखवणारा साधा नकाशा, पाच-सहा फोटो आणि एक फोन नंबर ऑपरेटरच्या हातात देऊ. "असं काही दिसलं तर थांब, फोटो काढ, फोन कर," एवढंच सांगायचं. त्या दिवसाचं भाडं बुडालं तर ते कोण देणार, हेही ठेकेदाराशी आधीच बोलून ठेवायचं. नाहीतर थांबण्याची किंमत एकट्या त्यानेच मोजायची, हा न्याय नाही.

लालबागच्या त्या पोराला मी मोबाइलवर कुंडीचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "असलं गोल बांधकाम दोन-तीनदा बघितलंय मी." कुठे, ते विचारून वहीत टिपून घेतलंय. पुढच्या रविवारी त्याच्याबरोबरच पाहायला जाणार आहे.