दादांची पथरी आणि म्युनिकचे डॉक्टर



राजेंद्र नगरच्या आमच्या घरात कपाटात एक जुनी काचेची बाटली आहे. तीत सुपारीएवढा, खरखरीत, तपकिरी खडा. हा आमच्या दादांचा मुतखडा. आपण इंदूरवाले त्याला पथरीच म्हणतो.

१९६७ साली दादांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. कुशीत वीतभर चीर, तीन महिने घरी. त्यानंतर पाण्याची बादली दादांनी कधी उचलली नाही, ते काम माझ्याकडे आलं. त्या काळी मोठ्या खड्याला दुसरा इलाजच नव्हता. सुश्रुताने तर लिहून ठेवलंय की मुतखड्यावर शस्त्र चालवण्याआधी राजाची परवानगी घ्यावी, इतका जिवाला धोका!

१९९६ मध्ये माझी पाळी आली. रतलाममार्गे नडियादला गेलो. तिथे मूत्ररोगांचं मोठं हॉस्पिटल १९७८ पासून आहे. टेबलावर झोपवलं, कुशीला पाण्याची पिशवी टेकवली आणि तासभर नुसती टक-टक. चीर नाही, टाके नाहीत. पुढचे काही दिवस लघवी गाळून घ्यायची, गाळणीत वाळूसारखे कण दिसायचे. आठवड्याभरात मी बँकेत हजर.

मी कॉमर्सवाला, पण ही करामत कोणाची हे शोधल्याशिवाय राहवेना. ती डॉ. ख्रिश्चन शॉसी या जर्मन डॉक्टरांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. डॉर्नियर ही विमानं बनवणारी कंपनी. अतिवेगवान विमानावर पावसाचा थेंब आदळला तर धातूला इजा का होते, याचा तिथे अभ्यास चालला होता. त्यातून आघात-लहरींचं काम पुढे आलं. वाटीसारख्या लंबवर्तुळाकार भांड्यात एका बिंदूवर पाण्याखाली ठिणगी पाडली की लहरी दुसऱ्या बिंदूवर एकवटतात. त्या दुसऱ्या बिंदूवर खडा आणायचा. शरीरात बहुतेक पाणीच, म्हणून लहर मांसातून पार जाते आणि कडक खडा तेवढा फुटतो.

म्युनिकमध्ये त्यांनी आधी साठ कुत्र्यांवर प्रयोग केले. मग ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या माणसावर उपचार झाला. रुग्णाला चक्क पाण्याच्या टबात ठेवत. त्याच डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: २१ पैकी २० रुग्णांत यश. १९८४ मध्ये अमेरिकेनेही यंत्राला मंजुरी दिली. शॉसी तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढे प्रोस्टेटच्या कॅन्सरवर ध्वनिलहरींच्या उपचाराचं कामही त्यांनी केलं.

प्रत्येक खड्याला हा उपाय चालत नाही, हेही सांगतो. फार मोठा खडा असेल तर पाठीतून लहान छिद्र पाडून काढतात, आणि आता दुर्बिणीतून लेझरही आलाय. पण दादांसारखी वीतभर चीर आता क्वचितच लागते.

नडियादहून परतलो तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या दादांनी माझा सदरा वर करून कुशीवरून हात फिरवला. व्रण शोधत होते. "काहीच नाही की रे!" म्हणाले, आणि डोळे पुसले. तेरा वर्षं आधी हा शोध लागला असता तर, हे ते बोलले नाहीत. मीही नाही.

दादांचा खडा बाटलीत आहे. माझ्याजवळ दाखवायला काही उरलंच नाही. शॉसींची कमाई ती हीच!

तुमच्या घरातही अशी एखादी बाटली असेल तर जरूर लिहा. आणि हो, पाणी भरपूर प्या.