प्रसारण-सर्व्हरांवरील देखरेख : वरळी ते नवी मुंबई

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी प्रक्षेपणावरील देखरेख म्हणजे ड्युटी ऑफिसरचे डोळे, कान आणि नोंदवही. चित्र अडखळले की वेळ व कारण हाताने लिहिले जाई. पुढे ध्वनिचित्रफितींची जागा सर्व्हरने घेतली आणि दोष दिसेनासा झाला. हार्ड डिस्क निकामी होऊ लागली तरी पडद्यावर त्याची चाहूल लागत नाही. संगणक-जाळ्यांसाठी १९८८ मध्ये आखलेली एसएनएमपी ही पद्धत येथे कामी आली. तापमान, वीजपुरवठा, डिस्कवरील मोकळी जागा यांची खबर सर्व्हर स्वतःच देऊ लागला. काळा पडदा, थिजलेले चित्र व आवाजाचा अभाव ओळखणारी सॉफ्टवेअरही आली.

परिणामी यंत्र आणि त्यावर लक्ष ठेवणारा माणूस एकाच इमारतीत असण्याची निकड उरली नाही. एकेकाळी रासायनिक कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात महापे, ऐरोली येथे डेटा सेंटर उभी राहिली. २०२० मध्ये पनवेलजवळ योट्टाचे केंद्र सुरू झाले.

श्रद्धांजलीचे मौन आणि तुटलेला आवाज यांतील भेद मात्र सॉफ्टवेअरला कळत नाही. तो ड्युटी ऑफिसरला कळे, आणि तसा तो लिहूनही ठेवी. आता वाहिन्यांना प्रक्षेपित कार्यक्रमांचे मुद्रण ९० दिवस जपण्याचे बंधन आहे. इतिहासलेखनाच्या दृष्टीने ही मुदत फारच तोकडी. यंत्राच्या नोंदी तर बहुधा जागा भरली की जुन्यावर नव्या लिहिल्या जातात.