विम्याची किमान मर्यादा

मुंबई-आग्रा रस्त्यावरील ग्वाल्हेर ही शिंद्यांची राजधानी. ब्रिटिश अमलाखालील प्रांतांत मोटारीचा विमा 1 जुलै 1946 पासून सक्तीचा झाला. ग्वाल्हेरकडे तो कायदा संस्थानाच्या विलीनीकरणानंतर पोहोचला. मोटारीखाली सापडलेल्या वाटसरूस, मालक निर्धन निघाला तरी, भरपाई मिळावी हा त्याचा हेतू होता. मालकाची मोटार व तीत बसलेले आप्तेष्ट त्या सक्तीबाहेरच राहिले.

याचा अर्थ, 1956 साली ग्वाल्हेर ज्यात सामील झाले त्या मध्य प्रदेशातील एका दाव्याने उघड केला. 18 डिसेंबर 1960 रोजी नागपूरहून पांढुर्ण्यास निघालेली एका जिनिंग कंपनीची मोटार झाडावर आदळली व आतील एक गृहस्थ दगावले. भाडे न देता बसलेल्या उतारूचा विमा कायद्याने सक्तीचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली ठरविले. तरीही विमा कंपनीवर 15,000 रुपयांचा भार पडला. कारण विमापत्रात कायद्यापलीकडचे तेवढे संरक्षण घेतलेले होते. उरलेली भरपाई मालकाच्या माथी आली.

1988 च्या कायद्यातही खाजगी मोटारीपुरती ही सक्ती मुख्यतः तिऱ्हाइतासाठीच आहे. म्हणून विमापत्र घेताना हप्ता किती हे विचारण्याआधी, त्यात घरची माणसे आहेत की नाहीत, हे पाहणे शहाणपणाचे होय.