अग्रणी संगणक कंपन्यांची प्रतिमा आणि त्यांच्यावरील टीका

संगणक उद्योगाचा इतिहास वाचताना एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. पहिल्या क्रमांकावरची कंपनी बदलते, पण तिच्यावरील आरोपांचे शब्द फारसे बदलत नाहीत.

२२ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर ॲपलने मॅकिंटॉशची जाहिरात दाखवली. भल्यामोठ्या पडद्यावरून हुकूम सोडणारा चेहरा, समोर निमूट बसलेली माणसे आणि हातोडा फेकून पडदा फोडणारी तरुणी. आयबीएमचे नाव त्यात कुठेही नव्हते. ते घेण्याची गरजच पडली नाही. वास्तविक अमेरिकन सरकारने १९६९ मध्ये आयबीएमवर भरलेला मक्तेदारीचा खटला १९८२ च्या जानेवारीत मागे घेतला होता. न्यायालयातून कंपनी सुटली, लोकांच्या मनातून नाही.

आता ऑगस्ट १९९७ मधील बोस्टनचे संमेलन पाहा. ॲपल डबघाईला आलेली. मायक्रोसॉफ्ट तिच्यात १५ कोटी डॉलर गुंतवणार, अशी घोषणा स्टीव्ह जॉब्स यांनी केली आणि मागच्या प्रचंड पडद्यावर बिल गेट्स यांचा चेहरा उमटला. सभागृहात हुर्यो उडाली. आपल्याच लाडक्या कंपनीला हात देणाऱ्याची! पडद्यावरचा चेहरा तेवढा बदलला होता.

भारतात आयबीएमवर दोन प्रकारची टीका झाली. परदेशात जुनी झालेली १४०१ यंत्रे दुरुस्त करून ती इथे भाड्याने देते, हा आक्षेप कागदपत्रांवरून तपासता येतो. दुसरा रोष बहुराष्ट्रीय कंपनी म्हणूनच होता. त्यात शीतपेय विकणारी कोका-कोलाही त्याच पंक्तीत बसली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार भागभांडवल ४० टक्क्यांवर आणण्यास नकार देऊन आयबीएम १९७८ मध्ये गेली. नंतरच्या लिखाणात हे दोन्ही आक्षेप एकमेकांत मिसळून गेले. साधने वाचताना ते वेगळे काढा, नाहीतर पहिल्यातले तथ्यही दुसऱ्याच्या आवाजात बुडते.

कायद्याची नजरही अशीच बदलली. १९६९ च्या एमआरटीपी कायद्याखाली २० कोटी रुपये वा अधिक मालमत्तेच्या उद्योगसमूहांना विस्तारासाठी परवानगी लागे; आकार हाच संशयाचा आधार. २००२ च्या स्पर्धा कायद्याचे कलम ४ वर्चस्वाला नव्हे, तर वर्चस्वाच्या गैरवापराला मनाई करते. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्या आदेशात आधी वर्चस्व सिद्ध केले आहे, आणि मग फोन बनवणाऱ्यांवर गूगलची ॲप आधीपासून बसवण्याची सक्ती करणाऱ्या करारांवर बोट ठेवले आहे.