आख्यान कसे सांगावे: नवगाव ते मँचेस्टर

1874 साली मँचेस्टरच्या चीटम हिल रोडवर स्पॅनिश आणि पोर्तुगीज यहुद्यांची मशीद बांधून झाली. (सिनेगॉगला आपल्या जुन्या बोलीत मशीदच म्हणतात. इथल्या लोकांना हे सांगितले की दहा मिनिटे खुलासा करण्यात जातात.) सुती कापडाच्या व्यापारासाठी या शहरात आलेल्या सेफार्दी घराण्यांचा त्या बांधकामात मोठा हात होता. आज त्या इमारतीत मँचेस्टर ज्यू म्युझियम आहे. त्याच 1874 साली पुण्यात मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांनी हिब्रू आणि मराठी अशी सचित्र हग्गादा शिळाछापावर काढली. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या आपल्या बायका पेसाहच्या बिनखमिराच्या भाकरी करताना दिसतात. मराठी हग्गादा त्याआधीही होती, 1846 ची, मुंबईत छापलेली. पण मुलांना दाखवायला आम्ही पुण्याचीच घेतो. मिसर देशातून सुटकेची गोष्ट, आणि भाकरी भाजणारी बाई मात्र आपल्या अलिबागची वाटावी अशी. गोष्टीत स्थळ म्हणजे काय, हे समजवायला याहून सोपे साधन आम्हाला सापडले नाही.

मँचेस्टरात आम्ही काही बेने इस्राएल घरे आहोत. गेली काही वर्षे आमच्यातल्या आज्या आणि एक-दोन आजोबा नातवंडांना रविवारी दुपारी गोष्ट रचायला आणि सांगायला शिकवतात. मुलांना शाळेत हे शिकवतातच: पात्रे, स्थळ, कथानक, पेच, शेवट. त्यांच्या वह्यांत चौकोन काढून हे सगळे लिहिलेले असते. ते बघताना आमच्या लक्षात आले की हीच शिकवणूक आपल्या समाजात आधीपासून आहे. फक्त तिला वही नव्हती.

हग्गादेत चार मुलगे येतात. एक शहाणा, एक दुष्ट, एक साधा, आणि एक ज्याला काय विचारावे हेही सुचत नाही. बाप चौघांना एकच गोष्ट सांगतो, पण चार तऱ्हांनी. गोष्ट सांगणाऱ्याने समोर कोण बसले आहे हे आधी पाहावे, हा धडा त्यात आहे. मुलांना आम्ही हेच करायला लावतो. समुद्र फाटल्याची गोष्ट आधी पाच वर्षांच्या भावाला सांगा, मग शेजारच्या आयरिश आजीला. दुसऱ्यांदा सांगताना निम्मे शब्द बदलतात. कोणते बदलले आणि का, हे मुले स्वतःच सांगतात.

मोठा ठेवा मात्र कीर्तनाचा. 1880 च्या सुमारास मुंबईत आपल्या लोकांनी हिंदू कीर्तनकारांचे ऐकून बेने इस्राएल कीर्तन सुरू केले. त्यात बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि डेव्हिड हाईम दिवेकर यांची नावे आदराने घेतली जातात. काळ लक्षात घ्या. त्याच 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल रंगभूमीवर आले होते. साकी, दिंडी, ओवी, आर्या यांच्या चाली घराघरांत गुणगुणल्या जात होत्या. दुसरीकडे मिशनरी शाळांमधून पवित्र शास्त्रातल्या गोष्टी मराठीत आपल्या मुलांपर्यंत पोचत होत्या. जॉन विल्सन यांनी तर 1832 मध्येच मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले होते. त्या शिकवण्याचे उपकार आहेतच. पण अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या गोष्टी आपल्या मुलांनी आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकाव्यात, ही निकड खरी होती. हिब्रू सगळ्यांना येत नव्हती. मराठी येत होती, आणि ताल तर सगळ्यांनाच कळत होता.

कीर्तनाची बांधणी अशी. आधी नमन. मग पूर्वरंग, म्हणजे एक विचार घेऊन त्याचे निरूपण. मध्ये भजन. मग उत्तररंगात आख्यान. आख्यानात एकच माणूस योसेफ होतो, त्याचा म्हातारा बाप होतो, दहा मत्सरी भाऊ होतो आणि फारोही होतो. सोंग नाही, कपडे बदलणे नाही. आवाज, मान आणि हात यांवर सगळे काम. मुलांना हे करायला दिले की पात्र म्हणजे काय ते लिहून घ्यावे लागत नाही. आमच्याकडचा एक नऊ वर्षांचा मुलगा फारो होतो तेव्हा हळू बोलतो. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला ओरडावे लागत नाही, असे त्याचे म्हणणे.

योसेफाचे आख्यान शिकवायला उत्तम. दुष्काळात भाऊ धान्य मागायला मिसरात येतात. समोरचा अधिकारी आपला विकलेला भाऊ आहे हे त्यांना ठाऊक नाही, श्रोत्यांना ठाऊक आहे. आता तो स्वतःला कधी ओळख देणार, ही ओढ किती ताणायची? कीर्तनकार नेमका इथे थांबतो आणि पद घेतो. पद कुठे घालायचे हेच मुलांना शोधायला सांगतो. लहान मुले पहिल्या भेटीतच घालतात. मोठी मुले धाकटा बिन्यामीन येईपर्यंत थांबतात. आमच्या मते मोठ्यांचे बरोबर, पण लहानांनाही कारण विचारले की ते देतात.

खरी कसोटी लागली ती नवगावच्या गोष्टीला. गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरले. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे चालवले, शब्बाथला बैल जुंपले नाहीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ऐकून एका मुलीने विचारले, "हे खरे की रचलेले?"

या प्रश्नावर आम्हा मोठ्यांचेच एकमत झाले नाही. हाईम शमुएल केहिमकरांनी 1897 मध्ये लिहिलेल्या आणि 1937 मध्ये तेल अवीवला छापलेल्या इतिहासात पूर्वजांचे येणे इ. स. पूर्व 175 च्या आसपास, अँटिओकस राजाच्या जुलमाशी जोडले आहे. त्या प्रवासाचा त्या काळचा कागद नाही. परशुरामाने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेते जिवंत केली, ही चित्पावनांची गोष्ट आपल्या सात जोडप्यांच्या फार जवळची आहे. मोजून पाहा, आपलीही चौदाच. दुसऱ्या बाजूला 2016 साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात बेने इस्राएलांमध्ये मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा आणि भारतीयांचा असा दोन्ही अंश दिसला. म्हणजे गोष्टीच्या पोटात काहीतरी खरे आहे. शेवटी मुलांना आम्ही तीन कप्पे करायला सांगितले: कागदावर आहे ते, पिढ्यान् पिढ्या सांगत आले ते, आणि आपण आज घातले ते. दवाखान्यात पाळी बदलताना परिचारिका हेच सांगते. तपासात काय निघाले, रुग्ण काय म्हणतो, मला काय वाटते. तिन्ही सांगायचे, पण एकात एक मिसळायचे नाहीत.

डेव्हिड राहाबींची गोष्ट दुसऱ्या कप्प्यातली. त्यांनी बायकांसमोर मासळी ठेवली आणि बायकांनी खवले-पर नसलेली बाजूला काढली, तेव्हा हे यहुदी आहेत अशी त्यांची खात्री पटली. मँचेस्टरच्या मुलांनी ही गोष्ट बाजारातल्या मासळीवर बसवली. कॉड आणि हॅडॉक एकीकडे, मंकफिश आणि ईल दुसरीकडे. एकाने राहाबींऐवजी मासळी निवडणाऱ्या बाईच्या तोंडून गोष्ट सांगितली. हा पाहुणा रोजचीच मासळी बघून एवढा का आनंदला, हे तिला कळतच नाही. निवेदक बदलला की गोष्ट बदलते, हे आम्हाला मुलांनी दाखवले.

भाषेचा प्रश्न सुटलेला नाही. मुले गोष्ट इंग्रजीत रचतात. आम्ही पदे आणि काही शब्द मराठी ठेवायला लावतो: घाणा, गलबत, मलिदा, बिर्ड्याचा सण, अनशी धाकाचा सण. काही आईबापांना हे अर्धवट वाटते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण 1880 मधल्या मुलांना हिब्रू येत नव्हती म्हणून कोणी आख्यान थांबवले नव्हते. थोड्या मोठ्या मुलींना आम्ही एस्थर डेव्हिड यांची "बुक ऑफ रेचल" ही कादंबरी दिली आहे. 2010 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली, इंग्रजीत लिहिलेली, पण कोकणातल्या आपल्या घरांची. त्यात स्वयंपाकाच्या कृती येतात, त्यामुळे वाचन थोडे मागे पडून मलिद्याची तयारी आधी सुरू झाली.

सध्या वाद आहे तो एका तेल्यावर. मुलांनी विचारले, किनाऱ्याला लागलेल्या माणसांना घाणा चालवायला शिकवला कोणी? आपल्या गोष्टीत याचे उत्तर नाही. मग त्यांनीच नवगावचा एक म्हातारा तेली रचला. तो पाहुण्यांना बैल उसना देतो, आणि शनिवारी बैल उभाच का, म्हणून चिडतो. आमच्यातल्या दोघांना पूर्वजांच्या गोष्टीत असा परका माणूस घालणे पटत नाही. बाकीच्यांना तो हवा आहे. तूर्त तो तिसऱ्या कप्प्यात बसला आहे, आणि मुले त्याच्यासाठी दिंडीची चाल शोधत आहेत.