पाटणादेवीचें खोरें आणि तेथील जुने मठ

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या स्मरणिकेंत पाटणादेवीच्या खोऱ्याचा इतिहास कशासाठीं, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. आमच्यांतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं तो सहलीच्या आदल्या रविवारीं, मिस्सेनंतर, देवळाच्या पायरीवरच विचारला होता. "महोत्सवाची सहल, आणि ती देवीच्या देवळाकडे? आपल्याला आपलीं तीर्थें थोडीं आहेत काय?" त्यांचा रोष खोटा नव्हता, ज्या पिढीनें पुष्कळ सोसून आपली श्रद्धा जतन केली, त्या पिढीचे ते आहेत. फादरांनीं त्यांना एवढेंच सांगितलें कीं, "काका, आपण डोंगर पाहूं, जुने मठ पाहूं आणि दिवस मावळावयाच्या आंत परत येऊं. तुम्हीही चला." काका आले. हा लेख बराचसा त्यांच्या त्या प्रश्नाचें उत्तर आहे.

चाळीसगांवाहून सुमारें १८ किलोमीटरांवर, सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या कुशींत पाटण हें लहानसें गांव आहे. गांव मागें टाकून पुढें गेलें कीं तिन्ही अंगांनीं कडे उभे राहतात व डोंगरी नदीचें पात्र आपणांस आंत आंत घेऊन जातें. पळस, सालई, अंजन व सीताफळी यांचें हें रान १९८६ सालापासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्यांत मोडतें. त्याचें क्षेत्र सुमारें २६० चौरस किलोमीटर आहे. औट्रम हें नांव ज्या जेम्स औट्रम साहेबाचें, त्यानेंच १८२५ सालीं खानदेशांत भिल्लांची पलटण उभी करण्यास आरंभ केला. पावसाळ्यांत केदारकुंड व धवलतीर्थ येथें धबधबे कोसळतात आणि तरुण मंडळींची रीघ लागते. परंतु हें पाणी नुसतें पाहण्यापुरतें नाहीं. ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं याच डोंगरांत अतिवृष्टि झाली, कन्नड घाटांत दरडी कोसळल्या, आणि डोंगरी व तितूर या नद्यांचे पूर चाळीसगांवांत शिरले. आमच्याबरोबरच्या एका भगिनीच्या माहेरचें दुकान त्या पुरांत गेलें होतें. त्या नदीच्या कोरड्या पात्रांत पाय ठेवावयास कितीतरी वेळ तयार नव्हत्या.

आज जेथें थोडींशीं घरें दिसतात, तेथें एके काळीं मोठें नगर होतें. निकुंभ घराण्याचे राजे येथें राज्य करीत. पुढें ते देवगिरीच्या यादवांचे मांडलिक झाले. गांवाबाहेर काळ्या दगडाचें महादेवाचें हेमाडपंती देऊळ उभें आहे. त्यांतील लेख शके १०७५ चा, म्हणजे इ. स. ११५३ चा आहे. कोरीव काम पाहण्याजोगें आहे. परंतु आमचें लक्ष दुसऱ्याच एका शिळेकडे होतें.

ती शिळा चंडिकादेवीच्या, म्हणजे पाटणादेवीच्या देवळांत आहे. मुंबईचे विद्वान डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत तिच्यावरील लेख उजेडांत आणिला. सिद्धान्तशिरोमणीचे कर्ते गणिती भास्कराचार्य यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) चा. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव, हे यादव राजा सिंघण याच्या दरबारीं मुख्य ज्योतिषी होते. आपल्या आजोबांचे व घराण्यांतील इतर पंडितांचे ग्रंथ शिकविले जावे म्हणून या चांगदेवांनीं पाटण येथें मठ काढिला, आणि निकुंभ राजा सोइदेव यानें ९ ऑगस्ट १२०७ रोजीं, चंद्रग्रहणाच्या दिवशीं, त्यास दान दिलें. ग्रहणाचें गणित करणाऱ्यांच्या मठाला ग्रहणाच्याच दिवशीं दान मिळावें, हा योग मोठा गंमतीचा खरा! स्वतः भास्कराचार्य याच ठिकाणचे होते काय, याविषयीं विद्वानांत जुना वाद आहे. आम्हां खानदेशकरांचा कल कोणीकडे आहे हें सांगावयास नको. तथापि आपला कल म्हणजे पुरावा नव्हे.

या लेखाचा बहुतेक भाग संस्कृतांत आहे. शेवटीं मात्र भाषा बदलते व जुनी मराठी येते. तेथें राजाची स्तुति नाहीं. बाजाराचा हिशेब आहे. पाटणच्या पेठेंत विकावयास येणाऱ्या मालावर राजाला जें उत्पन्न मिळे तें मठाला दिलें. मापाईचा हक्क दिला. तेल्यांच्या घाण्यांमागें पळी पळी तेल लावून दिलें. संस्कृत श्लोक पंडितांसाठीं. परंतु तेल देणाऱ्या तेल्याला आपण काय द्यावयाचें तें कळलें पाहिजे, म्हणून तेवढें मराठींत. काका येथें प्रथमच बोलले. "मग मठ राजानें चालविला म्हणतां येत नाहीं. तेल्यांनीं चालविला." आमच्या मतें काकांनीं लेखाचें मर्म बरोबर ओळखिलें. तो मठ आज नाहीं. तेथें जमविलेल्या पोथ्यांचाही पत्ता नाहीं. शिल्लक राहिली ती ही शिळा, आणि तिच्यांत तें पळीभर तेल.

देवळापासून वर चढत गेल्यास वाट पितळखोऱ्याकडे जाते. हीं लेणीं सरकारी हिशेबानें छत्रपति संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यांत येतात; पण डोंगरास तालुक्यांच्या सीमा ठाऊक नसतात. आमच्यांतील तरुणांनीं ही चढण केली. काका, फादर व आम्ही कन्नडच्या बाजूनें मोटारीनें पठारावर गेलों आणि तेथून पायऱ्यांनीं दरींत उतरलों. दोन्ही वाटांनीं येणाऱ्यांची भेट लेण्यांच्या तोंडाशीं झाली.

येथील सर्वांत जुनें खोदकाम इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचें मानितात. म्हणजे प्रभु येशू ख्रिस्ताच्या जन्मापूर्वीं निदान शंभर वर्षें या कड्यांत मठवासी राहत होते. बौद्ध भिक्षूंनीं एरवीं फिरत राहावें व पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणीं काढावे, असा त्यांचा नियम होता. खालून खानदेशांतून भडोचकडे व वरून पैठणकडे जाणारा व्यापारी मार्ग या डोंगरांतून जाई; भिक्षा व दान दोन्ही त्यावरून येत. चैत्यगृहाच्या खांबांवर दात्यांचीं नांवें आहेत: पैठणच्या गांधी कुळांतला मितदेव, पैठणचेच संघकाचे पुत्र. येथें गांधी म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. शेजारच्या विहारांत मगिल नांवाच्या राजवैद्याचें व त्याच्या कन्येचें दान नोंदिलें आहे. १९५० नंतरच्या दशकांत पुरातत्त्व खात्यानें येथील दरडींचा ढिगारा उपसला, तेव्हां एक हंसऱ्या मुखाची बुटकी यक्षमूर्ति निघाली. ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. ती कण्हदास नांवाच्या सोनारानें केली, असें तिच्या हातावरच कोरलें आहे. सोनारानें दगडाला हात घातला, आणि दोन हजार वर्षांनंतर त्याचें नांव आपण उच्चारतों.

विहाराच्या दाराशीं भाले घेतलेले द्वारपाल आहेत. जोत्यावर हत्तींची रांग आहे. जवळच पांच फण्यांचा नाग कोरला असून डोंगरांतील पाणी खडकांतल्या नळीनें येऊन त्याच्या फण्यांतून पडावें, अशी योजना आहे. मात्र या डोंगराचा दगड ठिसूळ, आणि जें पाणी नागाच्या मुखांतून खेळविलें त्याच पाण्यानें लेण्यांचे दर्शनी भाग पाडिले. आंतील खोल्यांचीं छतें लांकडी घराच्या वांशांसारखीं, कमानदार कोरलेलीं आहेत. खोली एका माणसाची. निजावयास दगडी ओटा.

अशा एका खोलींत फादर आम्हांस लेबानोन देशांतील कादिशा खोऱ्याविषयीं सांगत होते. सुरयानी भाषेंत कादिशा म्हणजे पवित्र. आपल्याच कॅथलिक धर्मसभेंतील मारोनी ख्रिस्ती लोक शतकानुशतकें त्या दरींत आसरा घेऊन राहिले. कड्यांत त्यांचे मठ आहेत. त्यांतील कोझहाया मठांत १६१० सालीं सुरयानी व अरबी भाषांत स्तोत्रसंहिता छापिली गेली. १९९८ पासून तें खोरें युनेस्कोच्या जागतिक वारशांत आहे. काकांनीं हें ऐकून विचारिलें, "तेथले आपले. येथले मात्र आपले नव्हेत ना?"

याचें उत्तर फादरांनीं दोन गोष्टी सांगून दिलें. पहिली अशी. मध्ययुगांत युरोपभर बार्लाम व जोसाफट यांची कथा वाचिली जाई: एका हिंदी राजाचा पुत्र, ज्याला बापानें दुःखाचें दर्शनही होऊं दिलें नाहीं, तो रोगी व वृद्ध पाहून राज्य सोडतो व संन्यासी होतो. सोळाव्या शतकांत २७ नोव्हेंबर हा त्या दोघांचा दिवस म्हणून रोमच्या हुतात्म्यांच्या यादींतही आला. पुढें विद्वानांनीं दाखवून दिलें कीं, ही कथा गौतम बुद्धाचीच आहे, आणि जोसाफट हें नांव 'बोधिसत्त्व' या शब्दापासून भाषेभाषेंतून बदलत आलें आहे. दुसरी गोष्ट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची. २८ ऑक्टोबर १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रांत हिंदु व बौद्ध धर्मांचा नांवानें उल्लेख आहे, व त्यांत जें सत्य व पवित्र असेल त्यांतील कांहींही धर्मसभा नाकारीत नाहीं, असा त्याचा आशय आहे. आपली श्रद्धा व त्यांची श्रद्धा एकच, असें तें घोषणापत्र म्हणत नाहीं. फादरही म्हणाले नाहींत. काकांनीं त्यावर वाद केला नाहीं व होकारही दिला नाहीं. ते त्या ओट्यावर बसून राहिले आणि थोड्या वेळानें म्हणाले, "पावसाळाभर येथें एकट्यानें राहावयाचें म्हणजे सोपें नव्हे."

परत आल्यावर आठवड्यानें ते आमच्याकडे एक जुनी वही घेऊन आले. आपल्या देवळाच्या बांधकामाच्या वेळीं त्यांच्या वडिलांनीं ती राखिली होती. या स्मरणिकेसाठीं मोठ्या देणगीदारांचीं नांवें आम्हीं आधींच छापखान्याकडे पाठविलीं होतीं. तीं आपणांस पुढें आढळतील. काकांच्या वहींत त्यांपैकीं एकही नाहीं. तेथें ज्वारी दोन पायल्या, चुन्याची एक गाडी, तीन दिवसांची मजुरी माफ, कंदिलाचें तेल, अशा नोंदी आहेत, आणि प्रत्येकीपुढें नांव आहे. कांहीं नांवें पुसट झालीं आहेत. जीं वाचतां आलीं तीं सर्व, जशीं लिहिलीं होतीं तशींच, या लेखाच्या पुढील पानांवर दिलीं आहेत.