वळता वळता ओढणारं चाक
गोव्यातल्या हरमलच्या भुसभुशीत वाळूत नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी गाडी हटकून रुतते. पुढचीही ओढू लागली की निघते. पण जे चाक वळतं, त्यालाच जोर कसा द्यायचा?

त्याच्याकडे जोर नेणाऱ्या दांड्यात वाकणारा जोड लागतो. त्यातला साधा क्रॉस जॉइंट कोनात फिरला की एका फेऱ्यात चाकाचा वेग दोनदा वाढतो, दोनदा घटतो. १९२६ साली फ्रान्समध्ये ग्रेग्वार आणि फेनाय यांनी यावर 'ट्रॅक्टा' जोड काढला. दुसऱ्या महायुद्धातल्या काही जीपना तोच बसला.

पुढे महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू केली. तिच्या पुढच्या चाकामागे पोलादी अर्धगोल असतो, आत ग्रीसमध्ये बुडालेला जोड. गोलाभोवतीची फेल्टची पट्टी झिजली की ग्रीस गळतं, वाळू आत शिरते. किनाऱ्यावर जीप चालवणाऱ्याने आधी तीच पाहावी.